दुसरं काही होऊ नकोस

मामाला मोटर न्यूरॉनचा आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर पाठीचा कणा काढून दाखवला होता. त्यातल्या मेरुरज्जूतल्या प्रेरक चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात, त्याच मरत होत्या. घरी आल्यावर मामी म्हणाली, "पण या पेशींना हे काम नेमून दिलं कुणी?" मला काही सांगता येईना. मामा २००१ साली गेला. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला आणि उत्तर शोधता शोधता मी पोचले कोंबडीच्या अंड्यात!

ज्यू असल्यामुळे जर्मनीतली नोकरी गेली म्हणून व्हिक्टर हॅम्बर्गर शिकागोतच राहिले. १९३४ साली त्यांनी दाखवलं की गर्भाचा एका बाजूचा पंख अंकुरातच काढून टाकला, तर मेरुरज्जूच्या त्या बाजूला प्रेरक पेशी कमी दिसतात. पण मामीचा प्रश्न त्याच्याही आधीचा.

त्याचं उत्तर न्यूयॉर्कला टॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेत सापडू लागलं. गर्भात मेरुरज्जूच्या खाली पृष्ठरज्जू नावाची एक दोरी असते. १९९१ साली त्यांनी तशी दुसरी दोरी कडेला ठेवली, तर तिथेही प्रेरक पेशी तयार झाल्या! म्हणजे हुकूम शेजारून येतो. तो नेणाऱ्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग, चक्क व्हिडिओ गेमवरून ठेवलेलं. (शास्त्रज्ञांनाही मुलं असतात.) दोरीजवळ ते दाट, दूर विरळ. जेवढं मिळेल त्यानुसार पेशीतली काही जनुकं चालू होतात, काही बंद.

मला सगळ्यात गंमत वाटली ती 'बंद'ची. एचबी-९ नावाचं एक जनुक प्रेरक पेशींत चालू असतं. मला वाटलं, तेच पेशी घडवत असणार. १९९९ साली दोन गटांनी ते नसलेले उंदीर तयार केले. पेशी जन्मल्या, नेहमीइतक्याच जन्मल्या. पण त्यांच्यात शेजारच्या सहयोगी चेतापेशींची जनुकं चालू झाली आणि त्यांचे तंतू वाट चुकू लागले. एचबी-९चं मोठं काम म्हणजे नको ते होऊ न देणं.

मामा गेल्याच्या पुढच्या वर्षी, २००२ साली, हेच हुकूम त्याच क्रमाने देऊन उंदराच्या मूळपेशींपासून बशीत प्रेरक पेशी बनवल्या गेल्या. कोंबडीच्या गर्भात सोडल्यावर त्यांचे तंतू स्नायूंपर्यंत पोचले. २००८ साली मामाच्याच जातीच्या आजाराच्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासूनही अशा पेशी तयार झाल्या. मामीला मी हे फोनवर सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सावकाश सांग, लिहून घेते."