हुकमाचे शब्द

राज्यकर्त्याची भाषा प्रजेच्या घरांत कोणत्या दारानें शिरते, असें विचारल्यास कोणी बाजाराचें नांव घेईल, कोणी शाळेचें. परंतु सर्वांत जुनें दार हुकमाचें आहे. ज्याची आज्ञा मोडली असतां दंड होतो, त्याचा शब्द शिकल्यावांचून गत्यंतर नसतें. मराठींतील आज्ञावाचक शब्द या दृष्टीनें पाहिले म्हणजे गेल्या कित्येक शतकांच्या राज्यांचे थर त्यांत एकावर एक बसलेले दिसतात.

पहिला मोठा थर फारसी दरबाराचा. हुकूम, फर्मान, ताकीद, सनद, परवाना, मनाई, जप्ती हे सारे शब्द अरबी-फारसी कुळांतले. शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करवून अशा पुष्कळ शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हे शब्द गेले नाहींत, कारण ते दरबार सोडून लोकांच्या तोंडीं बसले होते. पत्त्यांच्या डावांत जो रंग इतर सर्वांवर मात करतो तो हुकूम. हमखास गुण देणारें औषध तें हुकमी. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे, व शेवटीं कोणी मजकूर वाढवूं नये म्हणून मोर्तब उठवीत. आज घरांतलें लग्न ठरलें तरी त्यावर शिक्कामोर्तब होतें. फारसी ‘बजा’ पासून आलेलें ‘बजावणें’ कचेरींत समन्साच्या कामीं येतें, आणि ‘वेळेवर घरीं ये’ असें आई मुलास बजावते तेव्हांही तेंच कामीं येतें.

दुसरा थर इंग्रजी अंमलाचा: समन्स, वॉरंट, नोटीस, अपील, डिक्री. गंमत अशी कीं, हे शब्द इंग्रजांच्याही घरचे नव्हेत. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें तेथील न्यायसभेंत फ्रेंच व लॅटिन यांचा पगडा बसला. समन्स व वॉरंट फ्रेंचमधून आले. सबपीना म्हणजे लॅटिनमध्यें ‘शिक्षेच्या भयाखालीं’. मँडॅमस म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतों’. खटल्यांतील बोलणें इंग्रजींत व्हावें असा कायदा १३६२ सालीं झाला, पण तो कायदाच फ्रेंचमध्यें लिहिलेला होता! न्यायालयांचें दप्तर इंग्रजींत ठेवण्याचा कायदा व्हावयास १७३१ साल उजाडलें. या शब्दांच्या मेळाव्यांत ‘रिट’ तेवढा अस्सल इंग्रजी. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘लेख’. म्हणजे हुकमाच्या बाबतींत इंग्रज शेतकरी आणि मराठी शेतकरी हे एकाच रांगेंत उभे होते. दोघांनाही आज्ञा आली ती जेत्याच्या शब्दांत.

हा विषय कोशकारांच्या करमणुकीपुरता असता तर येथेंच थांबतां आलें असतें. परंतु या शब्दांवर माणसाचें शेत व पाणी अवलंबून असतें. याचें उदाहरण गोंदिया जिल्ह्याच्या भूमींत आहे. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा धानाचा व तलावांचा प्रदेश. येथें घराघरांतून मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी अशा बोली चालतात. १८५३ पर्यंत येथें नागपूरकर भोसल्यांचें राज्य होतें. तें खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि नंतरच्या बंदोबस्तांत मालगुजारांस गांवांची मालकी मिळाली. त्या वेळीं गांवच्या वहिवाटी ज्या कागदांत नमूद झाल्या, त्याचें नांव ‘वाजिब-उल-अर्ज’. जंगलांतून लांकूड कोणी आणावें, गुरें कोठें चारावीं, तलावाचें पाणी कोणाच्या बांधींत जावें, हा सारा निस्तार त्यांत आला. सरकारी हुकूम कोतवालाच्या दवंडीनें सर्वांस ऐकूं येई. हा कागद मात्र दप्तरांत राही. ज्याचें नांव उच्चारतांना जीभ अडखळावी, त्याच कागदांत कुळाचें पाणी बांधलेलें होतें.

पुढें १९५० च्या कायद्यान्वयें मालगुजारी रद्द झाली, व ३१ मार्च १९५१ पासून गांवांबरोबर हे तलावही सरकारचे झाले. मालक बदलला; पण पूर्वापार मिळणारें पाणी हक्काचें कीं मेहेरबानीचें, असा वाद निघाल्यास आधार त्या जुन्या नोंदीचाच. ज्यास ती वाचतां आली त्याचा हक्क बोलूं लागला; ज्यास आली नाहीं त्यानें दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें.

लोकांची पचनशक्ति मात्र विलक्षण. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी नांवाचा संक्षेप झाला ‘मा. मा.’, आणि तलाव झाले मामा तलाव! जणूं आईकडचें नातेंच जोडलें. परका शब्द आपला करण्यास लोकांस कोश लागत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

म्हणून केवळ शब्द बदलण्याच्या उत्साहाबद्दल मला थोडी शंका वाटते. डिक्रीस कायद्याच्या मराठींत ‘हुकूमनामा’ म्हणतात. एक परका गेला, त्याच्या जागीं दुसरा आला. सर्शिओराराय या रिटास ‘प्राकर्षण’ म्हटल्यानें धानाच्या बांधावरील माणसास तें अधिक उमगतें असेंही नाहीं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीस राज्यकारभारांत स्थान मिळालें, हें मोठेंच कार्य झालें. तथापि त्याच गोंदियाचा शेतकरी अपिलांत नागपूरच्या खंडपीठापर्यंत गेला, तर तेथील निकाल त्यास इंग्रजींत मिळतो, आणि आपण जिंकलों कीं हरलों हें वकिलास विचारावें लागतें.

शब्द कोणत्या देशाचा, हें पाहणें भाषाशास्त्राचें काम आहे. हुकूम ज्यावर बजावला त्याला तो समजला कीं नाहीं, हें पाहणें न्यायाचें काम आहे. परका शब्द घरांत आला म्हणून भिण्याचें कारण नाहीं, तो चार पिढ्यांत मामा होतो. भ्यावें तें दारावर चिकटविलेल्या, आणि घरांत कोणालाच न वाचतां येणाऱ्या कागदाला.