अतिसममित कणांचा शोध : मुंबईतील कार्य

अर्धपूर्णांकी परिवलन असलेल्या मूलकणांना (उदा., इलेक्ट्रॉन, क्वार्क) फेर्मिऑन व पूर्णांकी परिवलन असलेल्यांना (उदा., फोटॉन, ग्लुऑन) बोसॉन म्हणतात. या दोन वर्गांना जोडणाऱ्या कल्पित सममितीस अतिसममिती ही संज्ञा आहे. १९७४ मध्ये यूलिउस व्हेस व ब्रूनो त्सूमिनो यांनी तिचा क्षेत्र सिद्धांत मांडल्यावर ती विशेष प्रसिद्धीस आली. ती निसर्गात असल्यास प्रत्येक ज्ञात कणाला १/२ ने भिन्न परिवलनाचा सहचर असावयास हवा, उदा., ग्लुऑनाचा ग्लुइनो.

असे जड सहचर निर्माण होताच विघटन पावतील आणि अखेरीस उरणारा सर्वांत हलका सहचर अभिज्ञातकात काहीही खूण न ठेवता निसटेल, अशी सामान्यतः अपेक्षा असते. परिणामी शलाकेला लंब दिशेतील संवेगाचा हिशेब जुळत नाही. ही तूटच शोधाचा मुख्य आधार होय. परंतु न्यूट्रिनोही असेच निसटतात आणि सदोष मापनही तूट दाखविते. खरी तूट भासमान तुटीपासून वेगळी काढणे हेच या विषयातील अवघड काम, आणि मुंबईच्या संशोधकांचा वाटा मुख्यतः याच कामात आहे.

जिनीव्हाजवळील सेर्न प्रयोगशाळेत १९८४ मध्ये प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींत एका बाजूस कणांचा एकच झोत व दुसऱ्या बाजूस काहीच नाही, अशा मोजक्या घटना आढळल्या. अतिसममिती सापडली, असा बोलबाला झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दुर्गाप्रसाद रॉय यांनी एवाल्ड राया यांच्यासह याच तुटीच्या आधारे ग्लुइनोंविषयी निष्कर्ष काढले. पुढे त्या घटना ज्ञात प्रक्रियांनीच स्पष्ट झाल्या. उतावळेपणाचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उपनगरात या विषयाचा पाया रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी घातला. मूळच्या पुण्याच्या गोडबोले पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतून १९७४ मध्ये एम्.एस्‌सी. झाल्या. १९८२ ते १९९५ या काळात त्या मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझमधील कालिना येथील भौतिकी विभागात अध्यापन करीत होत्या. सर्वांत हलका सहचरच विघटन पावत असेल तर तूट शोधून भागणार नाही. अशा वेळी टाऊ लेप्टॉनांच्या खुणा कशा ओळखाव्यात, याचे विवेचन त्यांनी प्रबीर रॉय व झर्क्सीस टाटा यांच्यासह १९९३ मध्ये केले. मानुएल ड्रेस व प्रबीर रॉय यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा अतिसममित कणांवरील ग्रंथ (२००४) या क्षेत्रातील प्रमाणभूत पाठ्यग्रंथ होय.

प्रयोगाच्या बाजूने टाटा संस्थेचा सहभाग सेर्नच्या २७ किमी. परिघाच्या वेगवर्धकावरील सीएमएस अभिज्ञातकात आहे. त्यातील चुंबकाच्या वेटोळ्यापलीकडील बाह्य ऊर्जामापक या संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने उभारला. कण आदळताच चमकणाऱ्या, १० मिमी. जाडीच्या प्लास्टिक फरश्या त्यात आहेत. आतील थरांतून निसटलेली ऊर्जा त्या टिपतात. एरवी ती खोटी तूट म्हणून नोंदली गेली असती. उपकरण साधे, पण त्यावाचून हिशेबावर विश्वास ठेवणे कठीण.

शोधाचे फलित मात्र नकारार्थी आहे. २०१५ ते २०१८ मधील १३ टेरा-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या टकरींतही सहचर आढळले नाहीत. साध्या प्रतिमानांत ग्लुइनोच्या वस्तुमानाची किमान मर्यादा २ टेरा-इलेक्ट्रॉन व्होल्टांपलीकडे गेली. २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज बोसॉनाचे सु. १२५ गिगा-इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमान किमान अतिसममित प्रतिमानाच्या सु. १३५ या कमाल मर्यादेत बसते खरे. मात्र त्यासाठी टॉप क्वार्काचे सहचर सामान्यतः पूर्वी मानले होते त्याहून बरेच जड असावे लागतात.