चाकाचं माप

बैलांच्या काळात आमच्या घरी दोन तऱ्हेची जू असायची. नांगरटीचं आखूड आणि कोळपणीचं लांब. कोळपताना पिकाच्या ओळी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून बैलांना एकमेकांपासून लांब चालवावं लागायचं. पीक बदललं की जू बदललं. बैलानं कुठून चालायचं हे पीक ठरवायचं.

ट्रॅक्टर आला आणि हे उलटं झालं. चाक कुठून जातंय ते बघून आम्ही ओळी टाकायला लागलो. लोक म्हणतात, यंत्र म्हटल्यावर तसंच असणार. पण तसं नव्हतं. जुन्या ट्रॅक्टरची चाकं आत-बाहेर घेता येत होती. आमच्याकडं ती कुणी घेतली नाहीत, आणि पुढं घ्यायची म्हटली तर नट गंजून बसले होते.

पहिले ट्रॅक्टर लोखंडी चाकांचे होते. अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीनं 1932 साली शेतीच्या ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर लावून दाखवले. पुढं हॅरी फर्ग्युसन या माणसाचा लहान राखाडी ट्रॅक्टर 1946 ते 1956 या काळात इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावात तयार झाला. पाच लाखांच्या वर नग निघाले. त्याच्या मागच्या तीन दांड्यांच्या जोडणीचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंच आहे. पण मला त्याच्या चाकांचं कौतुक जास्त वाटतं.

मागच्या चाकाचे दोन भाग असतात. टायर बसतो ती रिम आणि मधली ताटली. ताटली सपाट नसते, परातीसारखी खोलगट असते. ती ॲक्सलला नटांनी आवळलेली असते आणि रिमच्या आतल्या कानांना बोल्टांनी. हे कान रिमच्या बरोबर मध्यावर नसतात, एका अंगाला असतात. म्हणजे परात उताणी लावा नाही तर पालथी, रिम सुलटी लावा नाही तर उलटी, कान ताटलीच्या आतून घ्या नाही तर बाहेरून. दोन दुणे चार, चार दुणे आठ. अशी आठ मापं मिळतात. दोन चाकांच्या मध्यातलं अंतर 48 इंचांपासून 76 इंचांपर्यंत, दर वेळी 4 इंचांनी वाढतं. कसला गिअर नाही, कसलं जादा यंत्र नाही. एक पाना, एक जॅक आणि दोन माणसं. कोळपणीचं लांब जू आणि नांगरटीचं आखूड जू एकाच चाकात बसवलेलं होतं म्हणा ना.

आपल्याकडं ट्रॅक्टर बनायला लागले ते 1959 पासून. त्या साली फरीदाबादेत आयशर निघाला. 1960 साली मद्रासेत टाफे सुरू झाली. 1963 साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारी केली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-275 तयार व्हायला लागला. मूळचा हा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. त्याची चाकंही याच जातीची, परातीची आणि कानांची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या थोरल्या चुलत्यांनी असाच एक बी-275 जुना घेतला. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गावातला तो दुसरा ट्रॅक्टर. आला तेव्हा चाकं 52 इंचांवर होती आणि पुढं चाळीस वर्षं तिथंच राहिली.

का राहिली, तर ट्रॅक्टरचा पैसा शेतात नव्हता, रस्त्यावर होता. हंगामात कारखान्याला ऊस, उन्हाळ्यात वाळू-दगड, लग्नसराईत वऱ्हाड. गाडीवाटा अरुंद, दोन्हीकडं घायपाताचं कुंपण. चाक आत असलेलंच बरं. नांगरट आणि फणणी झाली की शेतातलं ट्रॅक्टरचं काम संपलं, कोळपणी बैलानं किंवा बायकांच्या खुरप्यानं. मग कोण चाक खोलतो? चाक खोलायचं ते पंक्चर झालं तरच.

पुढं बैल गेले. खुरपणीला माणूस मिळेना. तेव्हा ट्रॅक्टर उभ्या पिकात घालायची पाळी आली आणि ओळी रुंद व्हायला लागल्या. उसाच्या अडीच-तीन फुटी सऱ्या चार-साडेचार फुटांवर गेल्या. त्याला ठिबक, ऊन, वारा ही पण कारणं आहेत, आणि उसाला ते मानवलं. पण अडीच फुटी मका, तीन फुटी कापूस यांना रुंद व्हायचं काही कारण नव्हतं. तिथं आम्ही नुसत्या चाकापायी रान सोडत होतो.

आबा गेल्यावर ट्रॅक्टर चिंचेखाली चौदा-पंधरा वर्षं उभा होता. इंजिन धड होतं. भंगारवाला आला, चाकाला दोन हातोडे मारून बघितले आणि म्हणाला, "काका, हे निघायचं न्हाई. गॅसनं कापून नेतो." माझा पुतण्या द्यायला तयार होता. मी म्हणालो, "चाकं निघाली तर ठेवायचा, न्हाई निघाली तर ने." पुतण्यानं ते कबूल केलं. तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांना घेऊन आलो.

नट बसतो म्हणजे काय होतं, हे त्यांनी सांगितलेलं मला पटलं. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यात मुळात जागाच नसते, तिथं गंज फुगतो आणि नटाला आतून पाचर मारल्यासारखं होतं. त्यात आमच्याकडं मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरायची पद्धत. व्हॉल्व्हच्या बुडातून ते झिरपतं आणि रिम आतून खातं. शिवाय याच ट्रॉलीतून युरिया आणि पोटॅशची पोती आलेली. खताची भुकटी आणि पावसाचं पाणी यांच्यासारखा लोखंडाचा दुसरा वैरी नाही.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पाना हातातच घेतला नाही. चाकांना लाकडी ओंडके लावले. व्हॉल्व्ह खाली करून टायरातलं पाणी काढलं. एका टायरात शंभर लिटरच्या वर पाणी निघालं, आणि तेवढं वजन अंगावर आलं तर माणूस उठत नाही. मग तारेच्या ब्रशानं आटे घासले आणि रॉकेलमध्ये पातळ तेल मिसळून सगळ्या नटांवर सोडलं. सकाळ-संध्याकाळ असं पाच दिवस.

सहाव्या दिवशी नटाच्या एका अंगाला घण टेकवून दुसऱ्या अंगावर हातोडीनं ठोकायला लावलं. जोरात नाही, टकटक. त्यानं गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. पाना इंची मापाचा घेतला, कारण या ट्रॅक्टरचे आटे इंची आहेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे खातो. आणि नट सोडायच्या आधी जरासा आवळून बघायचा. उलट-सुलट हलला की समजायचं, जिवंत आहे. ॲक्सलचे नट असे एकेक करून सुटले. जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच ते ढिले केले.

खरा झगडा रिमच्या बोल्टांशी झाला. पुतण्या म्हणाला, "गॅसनं लाल करूया." मिस्त्री ओरडलेच. रिमवर टायर असताना तिथं कधीच आच लावायची नाही. हवा काढली असली तरी नाही. आत रबर तापून वायू धरतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. माणसं मेलीत त्यात. आधी टायर उतरवले, तेव्हाच गॅस पेटवला. आच फक्त नटाला, बोल्टाला नाही. नट फुगला पाहिजे. तापल्या नटाला मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आट्यात शिरतं. तीन बोल्ट तरी तुटलेच आणि एक नट छिन्नीनं उभा फोडावा लागला. पण दोन्ही परातींना धक्का लागला नाही. एका रिमला व्हॉल्व्हपाशी हातोडी मारली तर बद्द वाजली, तेवढा तुकडा कापून नवीन पत्रा जोडला.

बसवताना चाकं 60 इंचांवर घेतली. परात उलटी केली की डावं चाक उजवीकडं न्यावं लागतं, नाही तर टायरच्या नक्षीचं टोक उलटं पडतं आणि चिखलात चाक धरत नाही. रिमचे बोल्ट सगळे नवे, चांगल्या पोलादाचे. आट्यांना नखभर ग्रीस, नट जिथं टेकतो ती बसकण कोरडी. आवळायचे ते समोरासमोर, ओळीनं नाही. तासभर चालवून परत आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. पुढच्या ॲक्सललाही भोकं असतात, ती चाकं तेवढीच बाहेर घेतली.

त्या खरिपात अडीच फुटावर मका टाकला. 30 इंचांची ओळ, दोन ओळी पोटाखाली, चाकं 60 वर. म्हणजे चाकाचा मध्य ओळीपासून 15 इंच. अकरा इंची टायरची निम्मी रुंदी वजा केली तर साडेनऊ इंच मोकळे. आधीच्या 52 वर हेच साडेपाच उरले असते आणि ड्रायव्हरचा हात जरा डुलला की रोप गेलं असतं. मका गुडघ्याच्या खाली असताना कोळपून घेतला. पुतण्यानं बांधावर येऊन ओळी बघितल्या. भंगारवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

तापलेला नट आणि तुटलेला बोल्ट बघून मला एकच वाटलं. आबांच्या हातात पाना होता, जॅक होता, घरात माणसंही होती. आठ मापांचा ट्रॅक्टर त्यांच्या दारात होता. वर्षातून एकदा तो नट हलवला असता तर एवढं करावं लागलं नसतं. गावातल्या कुणाच्याच ट्रॅक्टरचा हलला नाही, कारण चाक सरकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्यानं किती पोती ओढतो ते सांगितलं, घेणाऱ्यानंही तेच विचारलं.

आता आमच्याकडं खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला की हळद-कुंकू लावायच्या आधी पुतण्या पाना घेतो. एकेक नट अर्धा आटा सोडतो, तेलाचा थेंब टाकतो, परत आवळतो. मग पूजा. बघणारी पोरं विचारतात, चांगला आवळलेला नट कशाला सोडता? त्यांना तो 48 पासून 76 पर्यंतचं गणित सांगतो.