लॉग, संगणकीय

लॉग, संगणकीय : आज्ञावली चालू असताना घडणाऱ्या घटनांची संगणकाने आपोआप, वेळेसह व क्रमाने लिहिलेली नोंद. बिघाडाचे कारण शोधण्यास ती उपयोगी पडते. ‘लॉग’ म्हणजे ओंडका. गाठी मारलेल्या दोरीस बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकून जहाजाचा वेग मोजीत. तो ज्या वहीत लिहीत, तिला लॉगबुक हे नाव पडले. पुढे कारखान्यांतील यंत्रांच्या नोंदवहीसही ते लागू झाले.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व पिंपरी-चिंचवड परिसरात वाहन व यंत्रनिर्मितीचे उद्योग वाढले. चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. या काळात यंत्रांचे नियंत्रण व उत्पादनाची मोजदाद क्रमाने संगणकांकडे आली. वही यंत्राशेजारी असे. संगणकीय लॉग मात्र प्रचालन तंत्रानुसार निरनिराळ्या जागी असतो.

एरिक ऑलमन यांनी १९८०–९० या दशकात बर्कली येथे सेंडमेल या टपाल-आज्ञावलीसाठी सिसलॉग ही पद्धत तयार केली. ती युनिक्स तंत्रांत रूढ झाली. लिनक्समध्ये नोंदी परंपरेने ‘व्हार’ या निर्देशिकेतील ‘लॉग’ या उपनिर्देशिकेत असतात; २०११ मध्ये पुढे आलेल्या सिस्टिमडी जर्नलमधील नोंदी ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने वाचतात. विंडोज एनटीमध्ये (१९९३) इव्हेंट लॉग आला. त्यातील आज्ञावली, प्रणाली व सुरक्षा यांच्या वेगवेगळ्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतात. मॅकओएसमध्ये २०१६ पासून एकत्रित लॉग असून तो कन्सोलमधून पाहता येतो. याखेरीज अनेक आज्ञावली आपल्या स्वतंत्र संचिका ठेवतात.

उत्पादन थांबले की संगणक तातडीने पुन्हा सुरू करण्याकडे कल असतो. परंतु जर्नल केवळ स्मृतीत साठविलेले असल्यास ते त्यामुळे नष्ट होते. विंडोजमधील आज्ञावलींच्या लॉगची मर्यादा सामान्यतः २० मेगाबाइट असून ती भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. म्हणून प्रथम लॉगची प्रत काढणे आवश्यक ठरते. काही नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने हा फरक न धरल्यास घटनांचा क्रम चुकतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांन्वये लॉग १८० दिवस जतन करणे व संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे कंपन्यांना बंधनकारक केले.