लघुव्यवसायाचे संकेतस्थळ

लघुव्यवसायाचे संकेतस्थळ म्हणजे दुकान, कारखाना किंवा सेवा केंद्राची माहिती देऊन ग्राहकांकडून चौकशी वा मागणी मिळवण्यासाठी तयार केलेले संकेतस्थळ होय.

आशय
पहिल्या पानावर वस्तू किंवा सेवा, दर, कामाची वेळ, दूरध्वनी क्रमांक व पूर्ण पत्ता दिला जातो. पत्त्यात तालुका व जिल्हा महत्त्वाचे असतात. उदाहरणार्थ, तलवाडा हे गाव बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात आहे आणि त्याच नावाचे गाव पालघर जिल्ह्यातील विक्रमगड तालुक्यातही आहे. मजकूर युनिकोड मराठीत असल्यास तो शोधयंत्रांना सहज सापडतो. छायाचित्रे हलकी असल्यास पान भ्रमणध्वनीवर लवकर उघडते.

डोमेन नाव
देवनागरीतील .भारत हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. गूगलने व्यवसायांच्या नोंदीसोबत दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. जुन्या पत्त्यावरून गूगलवरील नोंदीकडे जाण्याची सोय १० जून २०२४ पर्यंतच होती. स्वतःचे डोमेन असलेल्या व्यवसायाला सेवा पुरवठादार बदलूनही तोच पत्ता कायम ठेवता येतो.

नियम
ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळावरून थेट विक्री करणाऱ्या व्यवसायाने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणे बंधनकारक आहे.