रसायनोपचार आणि रोग्याचा दिनक्रम

कोणत्याही औषधाचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव, शोधाचे साल आणि बरे झालेल्या रोग्यांची संख्या नोंदली की काम झाले, असा आपला समज असतो. ते औषध घेतलेल्या माणसाला त्या आठवड्यात अन्न गेले की नाही, रात्री झोप लागली की नाही, सदऱ्याची बटणे त्याची त्याला लावता आली की नाही, ही माहिती इतिहासाच्या पानांवर क्वचितच येते. कर्करोगावरील रसायनोपचाराच्या, म्हणजे लोकव्यवहारातील ‘केमो’च्या, बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. रोग शरीरात कोठेतरी आत असतो. उपचाराचा त्रास मात्र ताटात, उशीवर आणि आरशात रोज समोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात या उपचाराच्या इतिहासाकडे त्या बाजूने पाहण्याचे योजिले आहे.

या उपचाराचा उगम युद्धातला आहे. 1917 च्या जुलैमध्ये बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा प्रथम उपयोग केला. या वायूने कातडी व फुप्फुसे भाजतात हे सर्वांनीच पाहिले. परंतु बाधितांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट होतात, हे 1919 मध्ये क्रुम्भार या वैद्यक दांपत्याने नोंदविले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिल्मन यांनी याच जातीच्या नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास केला. जे द्रव्य निरोगी पांढऱ्या पेशी मारते, ते त्याच पेशींच्या कर्करोगावर का चालू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. 1943 च्या 2 डिसेंबरला इटलीतील बारी बंदरावर बाँबहल्ला झाला आणि ‘जॉन हार्वी’ या जहाजावरील मस्टर्डचा गुप्त साठा फुटला. तेथील बाधितांच्या तपासणीनेही पांढऱ्या पेशींविषयीच्या जुन्या निरीक्षणास पुष्टी मिळाली.

बारीच्या पूर्वीच, 1942 च्या 27 ऑगस्टला, येल येथे पहिल्या रोग्यास हे औषध शिरेतून देण्यात आले होते. युद्धकालीन गुप्ततेमुळे औषधाचे नावही कागदावर लिहिले गेले नाही, आणि रोगी आजही जे. डी. या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. त्याच्या मानेतील व छातीतील गाठींमुळे त्याला गिळणे अवघड झाले होते. काही दिवसांच्या उपचारानंतर तो पुन्हा जेवू लागला, मान वळवू लागला, दोन्ही हात छातीवर घेऊ शकला. पुढे पांढऱ्या पेशी घटल्या, रक्तस्राव सुरू झाला, गाठी परतल्या आणि 1 डिसेंबर 1942 रोजी तो वारला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या उपचाराच्या अगदी पहिल्या टिपणात यशाचे मोजमाप जेवण आणि हातांची हालचाल यांनी केलेले आढळते. नंतरच्या कित्येक वर्षांत गाठीचा आकार आणि जगलेले महिने यांच्या मोजणीत हे साधे माप मागे पडले.

औषधाबरोबर त्रास का येतो, याचे उत्तर समजण्यास मुंबईच्या परळ भागाची आठवण करणे युक्त ठरेल. 1928 च्या सुमारास लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत आली आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचे संशोधन तिने हाती घेतले. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने 1945 मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार केले. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांना आढळले की, ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्ल दिल्यास रोग बळावतो. तेव्हा त्याच्या उलट काम करणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्य त्यांनी सुब्बाराव यांच्याकडून मिळविले. 1948 मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहांचा रोग काही काळ ओसरला होता.

परळच्या कामगार स्त्रीला जे कमी पडत होते, तेच रोग्याच्या शरीरातून हेतुपुरस्सर हिरावून घेणे, असे या उपचाराचे स्वरूप होते. पेशीला दुभंगून वाढण्यास फॉलिक आम्ल लागते. कर्करोगाची पेशी भराभर दुभंगते. परंतु तोंडाचे अस्तर, आतडे, अस्थिमज्जा आणि केसांची मुळे येथील निरोगी पेशीही तशाच भराभर दुभंगतात. औषधाला आपपर कळत नाही. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, रक्त घटते, केस गळतात.

प्रत्येक औषधाचा त्रास मात्र निराळा. आपल्याकडे अंगणात आणि तुळशीवृंदावनाच्या कडेला सदाफुली असते. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी 1950 नंतरच्या दशकात याच झाडापासून व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टीन 1963 मध्ये अमेरिकेत वापरात आले. व्हिन्क्रिस्टीन मज्जातंतूंना बाधते. बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही, चोळीचे हूक लागत नाहीत, पोट साफ होत नाही. रक्ताच्या तपासणीत यातले काहीच दिसत नाही. रोग्याने सांगितले तरच डॉक्टरला कळते.

या त्रासांवर उपाय सापडण्याचा क्रमही मनोवेधक आहे. आधी प्राणावर बेतणाऱ्या गोष्टींकडे लक्ष गेले. ल्युकेमियाची मुले रक्तस्रावाने दगावत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील एमिल फ्रायराइश यांनी रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, देऊन ते संकट पुष्कळसे टाळून दाखविले. नंतर तापाचा प्रश्न पुढे आला. पांढऱ्या पेशी घटलेल्या रोग्यास ताप आल्यावर जंतूंचा तपास लागेपर्यंत थांबणे घातक ठरते, म्हणून तत्काळ प्रतिजैविके सुरू करावीत, ही पद्धत 1971 च्या सुमारास रूढ होऊ लागली. त्या पेशींची वाढ चेतविणारे फिल्ग्रास्टिम हे औषध 1991 मध्ये आले. ताप 38 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर, गेला तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे, या आजच्या नियमामागे एवढा इतिहास आहे.

वांतीकडे मात्र लक्ष उशिरा गेले. 1978 मध्ये मान्यता मिळालेल्या सिस्प्लॅटिनने वृषणाचा पसरलेला कर्करोगही बरा होऊ लागला. पण त्याने होणाऱ्या वांत्या इतक्या भयंकर होत्या की, त्यांच्या धास्तीने उपचार सोडण्याची पाळी येई. 1981 मध्ये मेटोक्लोप्रामाइडच्या मोठ्या मात्रेने थोडा उतार मिळाला. खरा पालट 1990 नंतर ऑन्डान्सेट्रॉनने घडविला. तोवर वांती ही बऱ्या होण्याची किंमत समजून रोग्याने सोसावी, असाच सर्वसाधारण भाव होता.

दरम्यान उपचाराचे स्थळही पालटत होते. मिलानचे जानी बोनादोन्ना यांनी 1976 मध्ये दाखविले की, स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांचा उपचार दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण घटते. वरकरणी बऱ्या झालेल्या स्त्रिया आता महिनोन् महिने औषध घेऊ लागल्या, आणि तेही घरी राहून, स्वयंपाक, मुले व नोकरी सांभाळून. रुग्णालयातील खाटेचा प्रश्न घरातील चुलीचा प्रश्न झाला.

1983 मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन कोट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी गोष्ट केली, ती आज अगदी साधी वाटते. त्यांनी रोग्यांना विचारले. त्रासांची नावे लिहिलेल्या पत्त्या 99 रोग्यांपुढे ठेवून सर्वांत जाचक कोणता, हे क्रमाने सांगण्यास सांगितले. वांती पहिली आली, मळमळ दुसरी, केस गळणे तिसरे. 1996 मध्ये अशीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा मळमळ पहिली, सततचा थकवा दुसरा, आणि वांती पाचव्या स्थानी उतरली होती. मधल्या काळातील औषधांचे यश या क्रमात स्पष्ट दिसते. आणि ज्यावर गोळी नव्हती तो थकवा वर सरकला, हेही दिसते. पुढील संशोधनाने थकव्यावर विश्रांतीइतकाच नियमित चालण्याचा उपयोग दाखविला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी मातोश्रींच्या उपचाराच्या सहा पाळ्या, दर तीन आठवड्यांनी एक, अशा दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात पार पडल्या. हिंगाच्या फोडणीचा वास येताच तिला उमळून येई. म्हणून स्वयंपाक सकाळी लवकर, दार लावून होई आणि अन्न निवाल्यावर तिला वाढले जाई. स्टीलच्या चमच्याने प्रत्येक घास धातूसारखा लागे, तेव्हा लाकडी चमचा आणला. तोंड आले की लोणचे बंद, मऊ भात व मेतकूट चालू, आणि मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा. कारकुनी सवयीने मी एका वहीत तारीखवार नोंद ठेवीत असे : ताप, जेवण, झोप, मळमळ. दोन पाळ्यांनंतर असे दिसून आले की, पहिला दिवस बरा जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ जोर करते. वही पाहून डॉक्टरांनी वांतीच्या गोळ्यांचे दिवस वाढविले, आणि तिसऱ्या पाळीत ती चौथ्या दिवशी जेवली. वहीपूर्वी ती विचारल्यावर ‘बरे आहे’ एवढेच सांगत असे.

केसांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी केस उशीवर दिसू लागतात आणि उपचार संपल्यावर बहुधा परत येतात, हे वैद्यकीय सत्य झाले. पण आपल्या समाजात स्त्रीच्या मुंडित मस्तकाला एक जुना अर्थ चिकटलेला आहे. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला, त्यालाही शतक उलटून गेले. तरीही आईच्या पिढीच्या स्त्रिया आरशासमोर थबकतात, ते त्या स्मृतीमुळे. ‘केस काय, पुन्हा येतील’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. आईने स्वतः सुती रुमाल निवडला. टोप तिला नको होता.

परप्रांती नोकरी करणाऱ्यांपुढे या आजारात पहिला प्रश्न उभा राहतो तो मुंबईस जावे की काय, हा. 1941 मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून देशभरचे रोगी तेथे येत आले, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या आश्रयस्थानांनी त्यांना छप्पर दिले. आता परिस्थिती पालटली आहे. 2012 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे अनेक शहरांतील रुग्णालये समान उपचारपद्धतीने बांधली जात आहेत. केंद्रीय नोकरांसाठी 1954 मध्ये दिल्लीत सुरू झालेली आरोग्य योजना आहे, आणि उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वे रोग्यास व सोबत्यास सवलत देते. कोठे जावे हे रोगावर व डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरेल. परंतु दर तीन आठवड्यांचा लांबचा प्रवास थकलेल्या शरीरावर काय परिणाम करतो, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.

ज्यांच्या कचेरीत असा उपचार घेणारा सहकारी असेल, त्यांनी त्याच्या पाळीचे दिवस माहीत करून घ्यावेत. औषधानंतरचा पहिला आठवडा मळमळीचा, दुसरा बहुधा रक्त घटल्याने संसर्गाच्या भयाचा, आणि तिसरा त्यातल्या त्यात बरा, असा हा क्रम सामान्यतः असतो. सर्दी-खोकला असेल तर दुसऱ्या आठवड्यात त्याच्या टेबलाशी जाऊ नये, अवघड फाईल तिसऱ्या आठवड्यापर्यंत राखून ठेवावी, आणि आज कसे वाटते, हे त्याला उत्तर देण्यास वेळ ठेवून विचारावे.