शब्दवेध : चुना

कळीच्या चुन्याच्या ढेकळावर पाणी पडले की ते चरचरते, फुगते, वाफा सोडते आणि बघता बघता त्याची भुकटी होते. ‘चुना’ हा शब्द संस्कृत ‘चूर्ण’पासून, प्राकृत ‘चुण्ण’च्या वाटेने मराठीत आला. त्याच्या पोटात हीच भुकटी आहे.

मग ही धग येते कुठून?

भट्टीतून! सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजताना चुनखडी कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मोलमागे साधारण १७८ किलोज्यूल उष्णता गिळते. ही अभिक्रिया उष्माग्राही. उरलेली कळी पाण्याशी संयोग पावताना त्यातली सुमारे ६५ किलोज्यूल परत करते. ही उष्मादायी. उष्णता निवली की हाती येतो विरी गेलेला चुना. विड्याच्या पानावर बोटाने फिरवतात, तो हाच.